सरकारदरबारी बाजू मांडायचं करियर: कोल्हापुरातल्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

गव्हर्मेंट रिलेशन्स, पब्लिक पॉलिसी, ॲडव्होकसी, नाव काहीही द्या, या कामाबद्दल मला सतत तेच तेच प्रश्न येतात, कॉलेजच्या पोरांकडून, त्यांच्या आईवडिलांकडून, एमपीएससी सोडावी की नको या विचारात असलेल्यांकडून. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं इथं लिहून ठेवते. उत्तरं कोल्हापूर डोळ्यासमोर ठेवून दिलीत कारण मी इथंच काम केलंय आणि दिल्लीच्या चष्म्यातून लिहिलेलं बाकी ठिकाणी भरपूर मिळतं.

हे काम नक्की असतं काय?

सरकार नियम करतं, दर ठरवतं, रस्ता आखतं, अनुदान देतं नाहीतर बंद करतं, आणि त्याचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांची बाजू योग्य टेबलावर, वेळेत आणि पुराव्यासकट पोचवायची, हे काम. कंपनीच्या वतीनं केलं तर त्याला गव्हर्मेंट रिलेशन्स म्हणतात, कायदे आणि आकडे खोदून काय बदलायला पाहिजे ते मांडलं तर पब्लिक पॉलिसी, आणि लोकांना बरोबर घेऊन मागणी लावून धरली तर ॲडव्होकसी. मुंबई-दिल्लीत या तिन्हीसाठी वेगवेगळी माणसं असतात, आपल्याकडे मात्र एकच जण सकाळी उद्योजकांच्या मीटिंगला बसतो, दुपारी कलेक्टर ऑफिसला निवेदन देतो आणि रात्री तेच मुद्दे आमदारांच्या पीएला व्हॉट्सॲप करतो. शिकायच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे, तीन नोकऱ्या एकत्र होतात.

म्हणजे दलालीच की! हे कायदेशीर आहे का?

हा प्रश्न विचारताना लोक जरा हळू आवाजात विचारतात, मोठ्यानं विचारा, विचारायलाच पाहिजे.

आपल्या देशात लॉबिंगसाठी, म्हणजे सरकारकडं कुणाची तरी बाजू लावून धरण्याच्या कामासाठी, वेगळा कायदा नाही. अमेरिकेत १९९५च्या कायद्यानं लॉबिस्टला नोंदणी करावी लागते, कुणासाठी काम करतो, किती पैसे मिळाले ते जाहीर करावं लागतं, आपल्याकडे असं रजिस्टर नाही. पण म्हणून रान मोकळं आहे असं समजू नका. सरकारपुढे आपलं म्हणणं मांडणं हा कुठल्याही नागरिकाचा आणि संघटनेचा हक्क आहे, आणि ते ऐकून घ्यायला पैसे देणं हा गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८चा, त्यात २०१८ला दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून लाच देणाराही थेट आरोपी होतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कंपनीनं दिली तर कंपनीही अडकते. कुणी जबरदस्तीनं द्यायला लावली आणि सात दिवसांत तुम्ही पोलिसांना किंवा लाचलुचपतवाल्यांना कळवलं तर कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. १०६४ हा लाचलुचपत विभागाचा टोल फ्री नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

माझ्यापुरता नियम असा आहे की ज्याची पोच मागता येत नाही ते कुठल्याच टेबलावर ठेवायचं नाही. "साहेबांकडून करून देतो" म्हणणारे या धंद्यात आहेत, नाही असं नाही, पण त्यांच्याकडे शिकायला गेलात तर तुम्हाला कायदा, आकडे, लिखाण यातलं काहीच येणार नाही आणि ते साहेब बदलून गेले की तुमची किंमत शून्य.

कोल्हापुरात बसून असलं करियर होतं का? पुणे-मुंबई गाठावीच लागेल ना?

पोटापाण्याचं पुढे सांगते, पण शिकायला कोल्हापूरसारखी जागा नाही हे मनापासून सांगते. मागणी लावून धरायची सवय या मातीलाच आहे आणि धोरण म्हणजे काय हे इथं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. २६ जुलै १९०२ला शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा राखीव ठेवायचा हुकूम काढला. काय करायचं, कुणासाठी, किती प्रमाणात, कुठल्या तारखेपासून आणि खात्यांनी त्याचा हिशोब कसा द्यायचा, हे सगळं ठरवून दिलेला हुकूम होता तो. पॉलिसीचा कोर्स करायच्या आधी तो एकदा वाचा.

अलीकडची उदाहरणं घ्या. मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचची, म्हणजे हायकोर्ट कोल्हापुरातही बसावं ही मागणी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांतले वकील कित्येक दशकं हे मागत होते, मोर्चे, साखळी उपोषणं, कामबंद, सगळं झालं. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ला बेंच सुरू झालं. आता यात शिकण्यासारखं काय तर निर्णय कुणाच्या हातात होता ते बघा. राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१ पोटकलम ३, त्यात हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मंजुरीनं ठरवायचं असं आहे. म्हणजे मुख्यमंत्र्यांनी भाषणात कितीही आश्वासन दिलं तरी सरकारच्या हातात जागा, इमारत आणि पैसा एवढंच, सहीचा मालक दुसराच. त्यामुळे पाठपुरावा दोन्हीकडं करावा लागला. मागणी कुणाकडं करायची हे नीट न बघता नुसता मोर्चा काढणारी कितीतरी मंडळी मी बघितलीत, गर्दी दांडगी आणि निवेदन भलत्याच ऑफिसात.

दुसरं, उसाचं. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर, म्हटलं की आपल्याला जयसिंगपूरची ऊस परिषद आणि अडवलेले ट्रॅक्टर आठवतात, पण कागद बघा. ऊस नियंत्रण आदेश १९६६चा, केंद्राचा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज. दर केंद्र ठरवणार, अंमलबजावणी पुण्यातले साखर आयुक्त बघणार, कारखान्यानं थकवलं तर आयुक्त आरआरसी (थकबाकी महसुलासारखी वसूल करायचा दाखला) काढणार आणि वसुली कलेक्टर करणार. एका पिकासाठी तीन टेबलं झाली. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२मध्ये जीआर, म्हणजे शासन निर्णय, काढून एफआरपीचे तुकडे करायला, म्हणजे ती हप्त्यांत द्यायला, परवानगी दिली होती, तो जीआर मार्च २०२५मध्ये हायकोर्टानं रद्द केला. केंद्राच्या आदेशात ठरलेली गोष्ट राज्याच्या जीआरनं फिरवता येत नाही, ही एक ओळ ज्याला कळली त्याला या कामाचं निम्मं व्याकरण कळलं.

तिसरं चपलेचं. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. सोशल मीडियावर राग निघाला तो वेगळा, पण महाराष्ट्र चेंबरनं कंपनीला रीतसर पत्र लिहिलं, त्यात जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, मुद्दा मांडला आणि कंपनीला उत्तर द्यावं लागलं, प्रेरणा कोल्हापुरीवरून घेतली हे त्यांनी लेखी मान्य केलं. त्याच वेळी हायकोर्टात जनहित याचिका झाली ती मात्र टिकली नाही, कारण २०१९ला मिळालेल्या त्या जीआयची मालकी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या दोन चर्मोद्योग महामंडळांकडं आहे, दाद मागायची तर त्यांनी. विषय तोच, पण कुणी मागितलं, कुठं मागितलं यावर निकाल फिरला.

आणि टोल, शहरातल्या रस्त्यांसाठी लावलेला आणि आंदोलनानंतर रद्द झालेला. तो विषय काढला की जुन्या लोकांच्या अंगात अजून येतं. रस्त्यावरची ताकद होती हे खरंच, एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णांसारखी माणसं पुढं होती, पण त्याच्याबरोबर रस्त्यांच्या कामाचा दर्जा, मोजमाप, करारातल्या अटी यावर बसून काम करणारेही लोक होते. पानसरे अण्णा टोल गेलेला बघायला राहिले नाहीत याचं आजही वाईट वाटतं.

मग पगार देणारं इथं आहे तरी कोण?

औद्योगिक संघटना आहेत, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, इंजिनिअरिंग असोसिएशन, चेंबर ऑफ कॉमर्स. सहकारी दूध संघ आणि साखर कारखान्यांत सरकारी पत्रव्यवहार बघणारी माणसं लागतात, तिथं पदाचं नाव "लायझन ऑफिसर" नाहीतर नुसतं "प्रशासन" असतं पण काम हेच. इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांच्या संघटना आहेत, वीज सवलतीचा विषय तिथं कायम पेटलेला असतो. आमदार-खासदारांची ऑफिसं आहेत, जिल्ह्यात विधानसभेचे १० आणि लोकसभेचे २ मतदारसंघ आहेत म्हणजे मोजून बारा ऑफिसं, शिवाय विधान परिषदेवाले. नदी, पूर, शेती, महिला या विषयांवरच्या सामाजिक संस्था आहेत. वकिलांच्या ऑफिसात सुद्धा असं काम येतं, आणि आता सर्किट बेंच आल्यापासून ते वाढणार असं मला वाटतं.

जाहिरात मात्र येत नाही, हे लक्षात ठेवा. जाऊन भेटावं लागतं.

डिग्री कुठली लागते?

ठराविक अशी नाही. मी बघितलेल्यांत बीएससी ॲग्री आहेत, सिव्हिल इंजिनिअर आहेत, वकील आहेत, बीए राज्यशास्त्र आहेत, एक सीए सोडून आलेला पण आहे. शिवाजी विद्यापीठातून राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, लॉ, पत्रकारिता यातलं काहीही केलं तरी पाया तयार होतो. पुढं शिकायचं असेल तर पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मुंबई आणि तुळजापूर कॅम्पस, बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा पब्लिक पॉलिसीचा मास्टर्स, अझीम प्रेमजी विद्यापीठ, ही नावं चांगली आहेत. नोकरी करत करत शिकायचं असेल तर बेंगळुरूच्या तक्षशिला संस्थेचे ऑनलाइन कोर्स आहेत.

पण खरं सांगू का, दोन फेलोशिप आहेत त्या आधी बघा. एक पीआरएस या संसदेच्या कामावर संशोधन करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप, त्यात एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून बजेट अधिवेशनापर्यंत संशोधनाचं काम करायचं असतं, वय जास्तीत जास्त २५ लागतं, शाखा कुठलीही चालते. दुसरी मुख्यमंत्री फेलोशिप, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव, आणि मराठी लिहिता-वाचता-बोलता आलं पाहिजे ही अट आहे, जी आपल्या फायद्याचीच आहे. नियम दर वर्षी थोडे बदलतात त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात वाचा, कुणीतरी फॉरवर्ड केलेला जुना स्क्रीनशॉट नको.

मी चार-पाच वर्षं एमपीएससी/यूपीएससी केली, निघाली नाही. माझी वर्षं फुकट गेली का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाजच वेगळा असतो, अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरायची, घरून डबा, वय वाढत चाललंय, गावात गेलं की सगळे विचारतात "काय झालं रे निकालाचं". तुम्हाला मी ठामपणे सांगते, या क्षेत्रात तुम्ही इतरांच्या दोन पावलं पुढं आहात. ७३वी-७४वी घटनादुरुस्ती काय, वित्त आयोग काय, जिल्हा नियोजन समिती कशी बसते, तारांकित प्रश्न म्हणजे काय, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. इंजिनिअरला हे शिकवायला मला महिने लागतात.

तुम्हाला कमी पडतं ते असं की उत्तर चार पर्यायांत बसवायची सवय लागलेली असते आणि सरकारी ऑफिसात आत जायची भीती असते. दोन्हीवर औषध एकच, महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात लोकशाही दिन असतो, नागाळा पार्कात जाऊन बसा. लोक कुठल्या तक्रारी घेऊन येतात, कुठल्या टेबलावर त्या अडकल्या होत्या, अधिकारी काय उत्तर देतो, आणि कुणाचा कागद बघून अधिकारी सरळ होऊन बसतो ते बघा. पुस्तकातलं जिल्हा प्रशासन तुमच्यासमोर उभं राहील.

रोजचं काम कसं असतं? एखादं उदाहरण द्या.

विजेच्या दराचं देते, कारण फाउंड्रीवाल्या कोल्हापूरला ते अगदी जवळचं आहे. इंडक्शन फर्नेसवर लोखंड वितळवायचं म्हणजे विजेचं बिल हाच मोठा खर्च, युनिटमागं थोडं वाढलं तरी ऑर्डर हातची जाते.

दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग. महावितरण प्रस्ताव दाखल करतं, तो जाहीर होतो, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते, मग आदेश. वीज कायदा २००३, कलम ६४, लोकांच्या हरकती विचारात घेऊनच आदेश द्यायचा असं त्यात लिहिलंय, आणि त्याला १२० दिवसांची मुदत आहे. आता बहुतेक कारखानदार काय करतात, आदेश आल्यावर ओरडतात. तोपर्यंत दार बंद झालेलं असतं.

आमचं काम प्रस्ताव आल्या दिवशी सुरू होतं. शेकडो पानांचा तो गठ्ठा घेऊन बसायचं, त्यातली एचटी, म्हणजे उच्चदाब वीज घेणाऱ्या, इंडस्ट्रीची कोष्टकं काढायची, मग संघटनेच्या सभासदांकडून वर्षभराची बिलं गोळा करायची, हेच सगळ्यात अवघड, बिल द्यायला लोक नाखूष असतात कारण शेजारच्या कारखान्याला आपलं उत्पादन कळेल असं वाटतं. नावं काढून टाकतो असं लिहून द्यायचं, मग बिलं येतात. मग टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा दर), लोड फॅक्टर इन्सेंटिव्ह (मंजूर भार पुरेपूर वापरल्याची सवलत), २०२०पासून एचटी ग्राहकांना लागू झालेलं केव्हीएएच बिलिंग (यंत्रांनी ओढलेल्या एकूण विजेवरची आकारणी), एकेक आकारणी जुन्या आणि नव्या दरानं एक्सेलमध्ये मांडायची. छोट्या फाउंड्रीला किती, रात्रपाळी चालवणाऱ्याला किती, दिवसाच चालवणाऱ्याला किती, हे वेगवेगळं निघतं आणि तिथंच मुद्दा सापडतो. "उद्योग मरतील" असं लिहिलेलं आयोगानं हजार वेळा वाचलंय, पण "रात्री फर्नेस चालवणाऱ्या छोट्या युनिटचं बिल या बदलानं इतकं वाढतं, हा घ्या हिशोब" हे वाचून प्रश्न विचारला जातो. आणि प्रश्न विचारला गेला म्हणजे मुद्दा रेकॉर्डवर आला.

सुनावणीत बोलायला मिळतात मोजकी मिनिटं. त्यासाठी एवढी तयारी. सगळं मान्य होतं असं नाही, कधी एखादाच परिच्छेद आदेशात उतरतो, पण तो परिच्छेद जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांना लागू होतो. मला हे काम आवडतं ते यासाठीच.

निवेदन लिहायचं कसं?

एक पान. दीड पान झालं तर कापा.

विषय एका ओळीत, त्यात जीआरचा नंबर आणि तारीख असलीच पाहिजे. पहिल्याच परिच्छेदात मागणी, "खालीलप्रमाणे बदल व्हावा ही विनंती", आपल्या परिसराला थोर परंपरा आहे वगैरे नको, साहेबांना माहीत आहे. दुसऱ्यात परिणाम, किती लोकांवर, कुठल्या तालुक्यात, किती रुपयांचा. तिसऱ्यात तुम्हाला काय शब्द हवेत ते तयार करून द्या, म्हणजे आत्ता असं आहे त्याऐवजी असं करावं. हा तिसरा परिच्छेद नव्वद टक्के निवेदनांत नसतोच असं माझं निरीक्षण आहे, आणि खालच्या टेबलावर टिपणी लिहिणाऱ्याला नेमकं तेच पाहिजे असतं, कारण मसुदा त्यालाच करायचा असतो.

त्यासाठी जीआर वाचायला शिका. वर शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख असते, मग वाचा म्हणून आधीच्या निर्णयांची यादी, ती सोडू नका, विषयाचा सगळा इतिहास तिथं आहे. मग प्रस्तावना, तिच्यात सरकारनं हे का केलं ते असतं, तुमचा युक्तिवाद तिथूनच निघतो. आणि शेवटी प्रती कुणाकुणाला पाठवल्या त्या यादीत शेवटाला निवड नस्ती (ऑफिसात जपून ठेवायची फाइल) असते, तिथं कार्यासनाचं नाव सापडतं. म्हणजे फाइल कुठल्या टेबलावर उघडली ते कळलं. तिथून ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री अशी वर जाते आणि तशीच खाली येते. मंत्र्यांना हार घालून निवेदन दिलं, त्यांनी वर शेरा मारला "तपासून सादर करावे", फोटो पेपरात आला, तरी तपासणार कोण तर ते कार्यासनच.

निवेदनाची दुसरी प्रत बरोबर ठेवा, तिच्यावर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. महिन्यानं पाठपुराव्याला जाताना तोच नंबर सांगायचा असतो. उत्तरच नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत मिळावी" एवढंच लिहा. उगाच पंधरा प्रश्न टाकून अधिकाऱ्याला अंगावर घ्यायची गरज नाही.

आमदार-खासदारांकडून काम कसं करून घ्यायचं?

त्यांना तयार माल द्या. अधिवेशनात तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, अशी वेगवेगळी हत्यारं असतात आणि प्रत्येकाला मुदत असते. अधिवेशन सुरू झाल्यावर "साहेब, आमचा प्रश्न मांडा" म्हणून गेलात तर तारांकितची वेळ कधीच गेलेली असते. बजेट आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला डिसेंबरात, त्याच्या कितीतरी आधी प्रश्न टाइप करून पीएकडं द्यायचा, सोबत अर्ध्या पानाची पार्श्वभूमी. विरोधातल्या आमदारालाही द्या. सत्तेतल्याला मंत्र्याला अडचणीत आणायला संकोच वाटतो, विरोधातला मांडतो, आणि मग सत्तेतला मंत्र्यांच्या दालनात बैठक लावून देतो, दोघांचाही उपयोग असतो.

पीएंना मान द्या. मनापासून द्या. दिवसभर लोकांची कामं उपसणारी माणसं आहेत ती.

मंत्रालयात जायचं असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, सर्वसामान्यांना प्रवेश दुपारनंतर असतो त्यामुळे सकाळचा वेळ फाइल पुन्हा वाचायला वापरा. मंगळवारी कॅबिनेट असते बहुतेक, त्या दिवशी मंत्री भेटतील या आशेवर जाऊ नका. आणि मंत्री भेटले नाहीत तरी कक्ष अधिकाऱ्याला भेटल्याशिवाय परत येऊ नका.

घराणं, ओळख, जात याशिवाय जमतं का?

ओळखीनं दार लवकर उघडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. आडनाव ऐकून खुर्ची पुढं करणारे आहेत आणि आडनाव ऐकून बाहेर बसवणारेही आहेत, दोन्ही मी जवळून बघितलंय आणि त्याचा राग येतो. पण दुसऱ्यांदा बोलावणं येतं ते तुमच्या कागदावर. ज्या पोराच्या घरात कधी कुणी तलाठी ऑफिसची पायरी चढलं नव्हतं तो आज तीन तालुक्यांतल्या लोकप्रतिनिधींना पुनर्वसनाच्या नियमांवर माहिती देतो, कारण त्या विषयातले सगळे जीआर त्याला पाठ आहेत आणि तो चुकीचा आकडा देत नाही. एक विषय धरा आणि त्यात जिल्ह्यात तुमच्याएवढं कुणाला माहीत नसेल इतपत जा. आपल्याकडं तर विषय पडलेत, २००५, २०१९, २०२१चे पूर, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६०वरून ५२४.२५६ मीटर करायचा कर्नाटकचा आग्रह, पंचगंगेचं प्रदूषण, शक्तिपीठ महामार्ग. अलमट्टीवर मतं सगळ्यांना आहेत, कृष्णा पाणीतंटा लवादाचा निवाडा वाचलेले किती?

पक्षाचं काम केलं तर पुढं कंपनी घेते का? पक्ष न धरता जमतं का?

दोन्हीला हो. निवडणुकीच्या वॉररूममध्ये, राजकीय सल्लागार कंपन्यांत काम केलेल्यांना बूथपातळीवरचं वास्तव माहीत असतं, त्याला किंमत आहे. फक्त तुमच्या फेसबुकवर समोरच्या पक्षाच्या नेत्यांबद्दल गलिच्छ काही लिहिलेलं नको. पुढच्या निवडणुकीनंतर तेच मंत्री असू शकतात आणि तुमच्या संघटनेचं शिष्टमंडळ त्यांच्यासमोर बसलेलं असेल. विचार ठेवा, मत द्या, भाषा जपा.

मुलींसाठी हे क्षेत्र कसं आहे?

मी स्वतः यात आहे म्हणून नुसतं "छान आहे" म्हणत नाही. शिष्टमंडळात दहा पुरुष आणि एक बाई असली की साहेब उत्तर पुरुषांकडं बघून देतात, मुद्दा आपण मांडलेला असला तरी. रात्रीचा प्रवास, उशिरा संपणाऱ्या बैठका, "मॅडम तुम्ही कशाला त्रास घेतला", हे सगळं आहे. एकट्यानं कुणाच्या बंगल्यावर भेटायला जायचं नाही, भेट ऑफिसात आणि नोंद करून, हा नियम मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगते.

पण एक मोठी जागा रिकामी आहे तिकडं बघा. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणजे निम्म्या सरपंच, निम्म्या जिल्हा परिषद सदस्य, निम्म्या नगरसेविका. त्यातल्या कितीतरी जणींना स्वतः कारभार करायचाय, नवऱ्याच्या सहीवर चालवायचा नाहीये, आणि त्यांना अंदाजपत्रक समजावून सांगणारं, ठराव लिहायला मदत करणारं विश्वासाचं माणूस पाहिजे असतं. हे काम मुली जितकं चांगलं करतात तितकं दुसरं कुणी करताना मी बघितलं नाही.

इंग्रजी कच्चं आहे, चालेल?

जिल्हा आणि राज्य पातळीला चालेल, सरकारचं कामकाज मराठीत आहे आणि चांगलं सरकारी मराठी लिहिणारी माणसं दुर्मिळ झालीत. पण केंद्राचे आदेश, आयोगाचे प्रस्ताव, कोर्टाचे निकाल इंग्रजीत असतात, वाचून समजण्याएवढं यायलाच पाहिजे. रोज पीआरएसच्या साइटवरचा एका विधेयकाचा सारांश वाचा आणि मराठीत अर्ध्या पानात लिहा. फुकट आहे.

पगार किती?

कोल्हापुरातल्या संघटनेत किंवा संस्थेत सुरुवातीला साधारण ऑफिसमधल्या कुठल्याही नव्या माणसाएवढाच, त्यावर घर चालवणं अवघड, घरी राहून चालतं. मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या कंपनीच्या पॉलिसी टीममध्ये त्याच्या कितीतरी पट. मधला रस्ता म्हणजे इथं दोन-तीन वर्षं काढून एखाद्या विषयात नाव करायचं आणि मग बाहेर जायचं, किंवा स्वतंत्र सल्लागार म्हणून चार-पाच संघटनांचं काम घ्यायचं. आमदारांच्या ऑफिसात पैसे आणि वेळ दोन्हीचा भरवसा नसतो, पण तिथं वर्षभरात जे कळतं ते कुठल्या कॉलेजात कळत नाही.

ज्याच्या बाजूनं मला पटत नाही त्याचं काम आलं तर?

नाही म्हणा. वकिलासारखं "अशील तो अशील" इथं चालत नाही असं माझं मत आहे, कारण कोर्टात समोर दुसरा वकील असतो, इथं पुष्कळदा समोर कुणीच नसतं. नदीत सांडपाणी सोडणाऱ्याच्या वतीनं मुदतवाढ मागायला तुम्ही गेलात तर नदीकाठच्या गावाच्या वतीनं त्या खोलीत कुणी बसलेलं नसतं. जवळची गावं शहरात घ्यायच्या हद्दवाढीसारख्या विषयात दोन्हीकडं प्रामाणिक माणसं आहेत, शहराच्या बाजूनं कृती समिती आणि गावांच्या बाजूनंही, तिथं कुठलीही बाजू घ्या पण समोरच्याचा मुद्दा आपल्या कागदात खरा मांडा. आणि पैसे कोण देतंय ते पहिल्याच वाक्यात सांगा, लेख लिहिताना, टीव्हीवर बोलताना, अधिकाऱ्यासमोर, सगळीकडं.

संस्थेत काम करत असाल तर पैसा कुठून येतो हे जास्तच बघा, परदेशी देणगीला एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) लागतो आणि उमेदवार, पक्ष, लोकप्रतिनिधी, पत्रकार यांना तो पैसा घ्यायला बंदी आहे.

घरचे म्हणतात ही काय नोकरी आहे का?

त्यांना एकदा सुनावणीला नाहीतर ग्रामसभेला बरोबर घेऊन जा. समजावून सांगण्यापेक्षा तेच बरं.

इंटर्नशिप पाहिजे, तुम्हाला काय पाठवू?

सीव्ही नको. दोन पानांची टिपणी पाठवा. तुमच्या गावात किंवा प्रभागात अडकलेला एक विषय घ्या, तो कुठल्या कायद्याखाली येतो, निर्णय कुणाचा, आत्ता कागद कुठं आहे, सरकारची अडचण काय, आणि तुम्ही सुचवत असलेला बदल कुठल्या शब्दांत. सरकारची अडचण हा भाग सगळे विसरतात, मी तोच आधी वाचते. युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉन्टमधली फाइल माझ्याकडं उघडत नाही. विषय सुचत नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन मागच्या वर्षीच्या ग्रामसभेचं इतिवृत्त मागा, त्यात मंजूर होऊन पुढं काहीच न झालेला एक तरी ठराव सापडेल, त्यावर लिहा.